रतनची लाइन

थळच्या रतनला इंग्रजी येत नाही, आणि त्याचं तिला तिळमात्र दुःख नाही. त्या भाषेतला एक शब्द मात्र तिनं असा ताब्यात घेतलाय, की मूळ मालक मागायला आले तरी ती तो सोडायची नाही. तो शब्द म्हणजे लाइन.

दिवे गेले की लाइन गेली आणि नळ कोरडा पडला की लाइन फुटली, हे तर सगळेच म्हणतात. रतनची मजल त्याच्या पुढची. थोरला हितेश खताच्या कारखान्यात चिकटला, तेव्हा तिनं पेढे वाटत सांगितलं, “पोरगा लाइनीला लागला.” भाच्यानं होडी सोडून उरणला ट्रेलर चालवायला घेतला, तर त्यानं लाइन बदलली. नवऱ्याची, शिवदासची, दारू सुटली त्याचं श्रेय गावानं देवीला दिलं. रतन म्हणते, “देवी हायच, पन लाइनीवर मी आनला.” बाजारात मासळी सोडून पोरींकडे बघत उभ्या राहणाऱ्या टग्यांवर ती लांबूनच ओरडते, “लाइन मारतोस व्हय रे? आदी घरी जाऊन आरशात तोंड बघ!”

पण या सगळ्यांच्या वरची एक लाइन होती: मासळी बाजारात कोळणी बसतात ती. तिथली पहिली जागा, अगदी रस्त्याला लागून, रतनच्या सासूची. सासूनं ती सुनेला दिली. गिऱ्हाईक आत शिरलं की आधी रतनच्या पाटीपाशी अडणार. शेजारी दुसऱ्या जागेवर मनुबाई. तिला ती पहिली जागा आयुष्यभर डोळ्यांत खुपली, आणि दोघींची भांडणं सगळा बाजार ऐकत आला. शेवटची जागा रचनाची. ती सगळ्यांत तरणी आणि सगळ्यांत नवी.

या लाइनीचा कायदा कुठे लिहिलेला नव्हता. बाई बाळंतपणाला गेली, सुतकात बसली, अंथरुणाला खिळली, तर तिच्या जागेवर तिची पाटी पालथी घालायची. पालथ्या पाटीला कुणी हात लावत नसे. मनुबाईसुद्धा नाही.

यंदा बाजारात सिमेंटचे पक्के ओटे झाले. काही बायका पालथ्या पाटीच्या जोरावर जागा अडवून ती व्यापाऱ्यांना चालवायला देत होत्या, म्हणून बायकांच्या सोसायटीनं बैठक घेतली. तिथं रतन उठून तावातावानं म्हणाली, “पाटीचं लाड बंद करा. नारळी पुनवेनंतर पयल्या बाजाराला जी सोता बसंल, तिचाच वटा. तिचंच नाव रंगवा.” टाळ्या पडल्या, नियम झाला. रतन फुशारक्या मारत घरी आली.

आठ-दहा दिवसांनी रचनाचा नवरा चिराग होडीची डागडुजी करताना वरून पडला आणि कंबर मोडून पनवेलला दवाखान्यात गेला. रचना त्याच्या उशाशी. घर आता तिच्या एकटीच्या पाटीवर चालायचं होतं, आणि नेमकी ती पाटीच जाणार होती.

“काकी, माझा वटा जाईल गो,” ती फोनवर रडली.

नियम रतनचाच होता. तो मोडा म्हणायला तिची जीभ रेटेना, आणि पोरीला देशोधडीला लागलेलं बघवेना. शेवटी ती म्हणाली, “तू नवऱ्याकं बघ. हितलं मी बघतंय.”

पहिल्या बाजाराच्या सकाळी सोसायटीचा विनेश रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आला. मागे आजूबाजूच्या गावांतल्या बायका पाट्या घेऊन टपूनच होत्या. त्यांनाही पोटं होती. रिकामा ओटा दिसला की त्या बसणारच. रतननं एकदा आपल्या पहिल्या ओट्याकडे पाहिलं. मग एक रिकामी पाटी त्यावर पालथी घातली, मासळीची डोक्यावर घेतली, आणि ज्या चालीनं ती जत्रेत फिरते त्याच चालीनं सगळ्या बाजारादेखत शेवटपर्यंत चालत जाऊन रचनाच्या ओट्यावर मांडी घालून बसली. सासूची जागा मात्र ती उघड्यावर टाकून आली होती.

विनेश पहिल्या ओट्यापाशी थांबला. “हितं कोन बसलंय?”

बाहेरची एक बाई पुढे सरकली. तेवढ्यात मनुबाई उठली आणि धपकन रतनच्या ओट्यावर जाऊन बसली. रतनचा जीवच गेला. इतक्या वर्षांचं वैर, ते आज साधणार नाही तर कधी?

“लिही,” मनुबाई म्हणाली. “रतन.”

“पन बसलीस तू!”

“मी राखाया बसलंय. तू लिही.”

आता मनुबाईचा ओटा रिकामा पडला. तो राखायला तिसरी सरकली, तिसरीचा राखायला चौथी. बघता बघता अख्खी लाइन एकेक ओटा पुढे गेली, आणि आपल्या जागी अशी एकही बाई उरली नाही. रचनाच्या अलीकडचा एक ओटा तेवढा मोकळा राहिला. रतननं बसल्या बसल्या त्यावर पाय लांब केला. “ह्यावर माझा पाय हाय.”

विनेशनं हात टेकले. “नियम तुमचाच ना, काकी?”

“माझाच. चुकला,” रतन मोठ्यानं म्हणाली. अख्ख्या बाजारात ती चुकल्याचं तिच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं. विनेशनं मुकाट्यानं, बायका सांगतील तशी नावं रंगवली. शेवटच्या ओट्यावर रचनाचं नाव आलं तेव्हा रतनचा ऊर भरून आला. ही तिची लाइन होती, आणि अशी लाइन साऱ्या किनाऱ्यावर दुसरी नव्हती.

रंग वाळल्यावर सगळ्या आपापल्या ओट्यावर परतल्या. मनुबाई तेवढी हलली नाही.

“बसू दे की जरा,” ती रतनकडे न बघता म्हणाली. “हितनं रस्ता कसा दिसतो, ते बघायचं व्हतं एकदा.”

आपली मासळी उचलून रतन शेवटच्या ओट्यावर गेली. दिवसभर ती तिथंच बसली. मांदेली विचारत एक गिऱ्हाईक तिच्यापर्यंत आलं, तेव्हा तिनं आपल्या पाटीवर फडकं ओढलं.

“पयल्या वट्यावर जा, दादा,” ती म्हणाली. “आमच्या मनुबायकं ताजी हाय.”