मिल्तोनची बारा मिनिटं

मिल्तोन बारेतो आमच्या सान एलादियोच्या मांस कारखान्यात हाडावरून मांस सोडवायच्या टेबलावर कामाला होता. सोळाव्या वर्षी लागला आणि पेन्शन घेऊनच बाहेर पडला. पहाटेपासून अकरापर्यंत हातात सुरी, मग घरी येऊन जेवण, घटकाभर पाठ टेकायची आणि चार वाजता मैदान. पंधरा वर्षं तो गावाच्या फुटबॉल संघात बचावफळीच्या मधोमध खेळला. त्यातली नऊ वर्षं कर्णधार होता. पळायचा कमी. कुणी हटकलं तर म्हणायचा, "चेंडू इकडेच येणार आहे, मी कशाला त्याच्या मागे जाऊ?" आणि बहुतेक वेळा चेंडू खरंच त्याच्या पायाशी यायचा.

मी टपाल कचेरीत कारकून होतो आणि संध्याकाळी संघाचे कपडे-बूट सांभाळायचो. पगार नव्हता, हौस होती. त्यामुळे हे सगळं मी जवळून पाहिलं. ऐकीव काही सांगत नाही.

सत्याऐंशी साली आमचा संघ प्रांतांच्या स्पर्धेत उपांत्य सामना पाच-शून्य असा जिंकला. समोरच्यांची बस वाटेत बंद पडली होती. ती माणसं तीन तास उन्हात उभी राहून, एका ट्रकच्या हौद्यात बसून कशीबशी सामन्याच्या अर्धा तास आधी पोचली होती. हे मैदानावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. पण सोमवारी दुपारी बाराच्या कार्यक्रमात आमच्या रेडिओवरच्या वाल्तेर पिन्तोसनं बसचं नावही काढलं नाही. त्यानं संघाला 'वादळ' म्हटलं. "या वादळाला अडवणारा संघ अजून जन्माला यायचाय," असं तो म्हणाला, आणि तीन आठवडे रोज दुपारी बारा वाजता हेच म्हणत राहिला.

नदीकाठचं लहानसं गाव. कारखाना आणि संत्र्यांच्या बागा सोडल्या तर दुसरं काही नाही. गावाला हे बोलणं चढलं. बेकरीवाल्यानं संघाच्या निळ्या-पांढऱ्या रंगाचे केक मांडले. नगरपालिकेनं अंतिम सामन्यानंतरचा सोमवार सुट्टीचा जाहीर केला. चौकात मिरवणुकीसाठी मंडप उभा राहिला आणि चाळीस कोकरं भाजायला सांगून ठेवली. क्लबच्या कमिटीनं संघ आणखी भक्कम करायचं म्हणून राजधानीहून दोन खेळाडू आणले. त्यातला फाब्रिसियो लान्सा हा मिल्तोनच्याच जागी खेळणारा. सत्तावीस वर्षांचा, देखणा, कधीकाळी देशाच्या तरुण संघात निवडला गेलेला.

एवढ्या सगळ्या गलक्यात शुद्धीवर असलेला माणूस म्हणजे मिल्तोन. क्लबच्या कट्ट्यावर माते, म्हणजे आमच्याकडचा कडू पानांचा चहा, भरलेला भोपळा हातोहात फिरत होता. एकानं नळीतून कडू घोट घेत विचारलं, "काय कर्णधार, लास पाल्मासला किती गोलांनी हरवायचं?"

मिल्तोन म्हणाला, "आपण बरे आहोत. लास पाल्मासवाले आपल्यापेक्षा बरे आहेत. नीट खेळलो तर बरोबरीत सुटेल."

मग कुणीतरी म्हणालं, "छत्तीस वर्षांचा झालास ना, आता भीती वाटणारच." सगळे हसले. मिल्तोनही हसला. पण ते वाक्य गावभर फिरलं: कर्णधारच घाबरलाय म्हणे.

आमचे प्रशिक्षक नोल्बेर्तो इरिगोयेन. प्राथमिक शाळेत शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तरच म्हणत. मिल्तोनला त्यांनीच शाळेत शिकवलं, त्यांनीच मैदानावर आणलं. मिल्तोनची मुलगी जन्मली तेव्हा चर्चमध्ये तिला हातात धरून उभे राहिलेले धर्मपिता तेच. दर रविवारी एका घरचं मांस दुसऱ्या घरच्या निखाऱ्यावर, असं ते नातं होतं.

अंतिम सामना लास पाल्मासला होता, दोन तासांच्या रस्त्यावर. रविवारी सकाळी बस सुटायच्या आधी मास्तरांनी मिल्तोनला बाजूला घेतलं. मी बुटांची पोती बसमध्ये चढवत होतो.

"मिल्तोन, आज फाब्रिसियो खेळेल."

मिल्तोननं विचारलं, "मास्तर, हे तुमचं मत की कमिटीचं?"

"आज तो खेळेल," मास्तर पुन्हा तेच म्हणाले. त्यांची नजर बसच्या चाकाकडे होती.

"बरं," मिल्तोन म्हणाला.

तिथं पोचल्यावर कपडे बदलायच्या खोलीत त्यानं कर्णधाराचा पट्टा स्वतः लान्साच्या दंडाला बांधला. "हा सैल होतो," तो त्याला म्हणाला, "दोन वेढे घे, नाहीतर धावताना खाली येतो." लान्सानं मान हलवली, पण त्याचं लक्ष आरशाकडे होतं.

पहिला गोल नवव्या मिनिटाला झाला. लास पाल्मासचा एक हडकुळा पोरगा लान्साच्या पाठीमागून निसटला आणि मोकळा झाला. दुसरा तसाच. मध्यंतरानंतर तिसराही त्याच वाटेनं. सान एलादियोहून ट्रक भरभरून आलेली माणसं आधी गात होती, मग गप्प झाली, मग आपल्याच संघाला शिट्ट्या मारायला लागली. तिसऱ्या गोलनंतर लान्सानं मांडी धरली आणि लंगडत बाहेर आला. मांडीला काय झालं होतं ते देवाला माहीत. मी बर्फ घेऊन गेलो तर म्हणाला, "राहू दे."

बारा मिनिटं उरली होती. मास्तर बाकाकडे वळले. "मिल्तोन, तयार हो."

मला वाटलं, हा नाही म्हणेल. त्यानं नाही म्हटलं असतं तर कुणी दोष दिला नसता. पण तो उठला, मोजे वर ओढले आणि आत गेला. त्या बारा मिनिटांत त्यानं दोनदा त्या हडकुळ्या पोराच्या पायातून चेंडू काढला, अगदी सहज, न पळता. शेवटच्या मिनिटाला मात्र आमचा गोलरक्षक पुढे गेलेला असताना लांबून फटका आला. अडवायला मिल्तोन एकटाच होता. तो मागे धावत गेला, ओल्या गवतावर घसरला, आणि चेंडू त्याच्या गुडघ्याला लागून आत गेला. चार-शून्य. तो जाळ्यात बसलेला असतानाच वर्तमानपत्रवाल्यानं फोटो काढला.

लान्सा मैदानावरूनच एका मित्राच्या गाडीत बसून राजधानीला गेला. दुसरा पाहुणा खेळाडूही त्याच गाडीतून गेला. आम्ही बाकीचे बसमध्ये चढलो. दुसऱ्या दिवशी सकाळी चौकातला मंडप उतरवत होते. जाहीर केलेली सुट्टी रद्द करायचं कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं, त्यामुळे सगळं गाव रिकामं बसून होतं. चाळीस कोकरांचं मांस स्वस्तात विकलं गेलं.

दुपारी बारा वाजता वाल्तेर पिन्तोसला काहीतरी बोलणं भाग होतं. तीन आठवडे त्यानंच वादळ वादळ केलं होतं. तो म्हणाला, "जो माणूस सामन्याआधीच मनातून हरला होता, त्याला मैदानात उतरवलं आणि वादळ तिथंच विरलं." मंगळवारच्या वर्तमानपत्रात तो जाळ्यातला फोटो आला. गावातली निम्मी माणसं सामन्याला गेलीच नव्हती. गोल कसे झाले, कधी झाले, कोण कधी आत गेलं, हे त्यांना कुठून कळणार? आणि जे गेले होते त्यांनाही लान्साचा चेहरा पुन्हा दिसणार नव्हता. मिल्तोन मात्र रोज सकाळी कारखान्याच्या फाटकातून आत जाताना दिसत होता.

महिन्याभरात त्याचं नाव 'चार' पडलं. "चार आला रे," "चार, सुरी दे इकडं." कारखान्यातली माणसं वाईट नव्हती, त्यांना त्यात गंमत वाटायची. मिल्तोन हाकेला ओ द्यायचा. मी एकदा त्याला म्हटलं, "अरे, ओ कशाला देतोस?" तो म्हणाला, "नाही दिली तर मोठ्यानं हाक मारतात."

खरा मार बसला तो इर्माला, त्याच्या बायकोला. ती घरी शिवणकाम करायची, सगळ्या गावाशी तिचा संबंध. बेकरीत रांगेत उभी राहिली की मागून कुणीतरी बाई म्हणायची, "इर्माला चार द्या हो." इर्मा तीन पाव घ्यायची नाहीतर पाच. चार लागत असले तरी.

मी मास्तरांकडे गेलो होतो, पहिल्याच आठवड्यात. म्हटलं, "मास्तर, रेडिओवर जा आणि सांगा. तो आत गेला तेव्हा तीन झाले होते. त्याला बाहेर बसवा असं कमिटीनं तुम्हाला सांगितलं होतं."

मास्तर वह्या तपासत होते. म्हणाले, "ओस्वाल्दो, पंधरा दिवसांत लोक विसरतील. आता मी बोललो तर कमिटी मला काढेल. मग लहान मुलांचा संघ कोण बघणार?"

मी मान हलवली. टपाल कचेरीतला माझा साहेबही त्याच कमिटीवर होता. मी स्वतः रेडिओवर जाऊ शकलो असतो. गेलो नाही. मास्तरांबद्दल लिहितो आहे, तेव्हा हेही लिहायला हवं.

त्यानंतर महिनाभरानं इर्मा मास्तरांच्या दारी गेली. मी तिथंच होतो. ती आत आली नाही, उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"मास्तर, मी आलेय हे त्याला माहीत नाही," ती म्हणाली. "तुम्ही फक्त एकदा सांगा. तुमचं लोक ऐकतात."

"बघतो, इर्मा," मास्तर म्हणाले. "योग्य वेळ बघून बोलतो."

"कधी?"

"लवकरच."

ती गेली. मास्तरांना लाज वाटत होती, हे मला दिसत होतं. पण लाज वाटणं म्हणजे बोलणं नव्हे. हळूहळू त्यांनी मिल्तोनच्या घरावरून जायचंच टाळलं. रविवारचं जेवण थांबलं. मिल्तोननं बूट क्लबमध्ये आणून माझ्या हातात दिले, कुणाला द्यायचे असतील तर दे म्हणाला, आणि पुन्हा कधी मैदानावर आला नाही. त्याची मुलगी शिकायला राजधानीला गेली ती तिकडेच राहिली. तिनं आईवडिलांना कितीदा तरी बोलावलं. मिल्तोन म्हणायचा, "आता गेलो तर पळून गेलो म्हणतील."

अशी एकोणीस वर्षं गेली. इर्मा आजारी पडली आणि शरद ऋतूत, संत्री पिवळी पडायला लागली तेव्हा, वारली. दफनाच्या वेळी मास्तर कबरस्तानाच्या फाटकापर्यंत आले आणि तिथूनच परतले.

त्याच वर्षी क्लबला पन्नास वर्षं झाली म्हणून जेवण ठेवलं होतं. मास्तर आता निवृत्त झाले होते, काठी घेऊन चालत. त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते उभे राहिले आणि सगळं सांगितलं. बस बंद पडल्याचं, कमिटीचं, लान्साचं, तीन गोलांचं. "मिल्तोन बारेतोनं सामना हरवला नाही," ते म्हणाले. "मी त्याला बाहेर बसवलं, आणि मग एकोणीस वर्षं गप्प बसलो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारच्या तरुण माणसानं विचारलं, "कोण मिल्तोन?" म्हातारा वाल्तेर पिन्तोस पलीकडे बसला होता. तो म्हणाला, "जाऊ द्या हो मास्तर, जुन्या गोष्टी." मग मांसाची ताटं आली आणि सगळे खायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर मला घेऊन मिल्तोनकडे गेले. तो अंगणात विटांच्या चुलीपाशी बसला होता. आम्हाला बघून उठला नाही, पण पायानं एक बाकडं पुढे सरकवलं.

"बसा," म्हणाला. "पाणी गरम आहे."

त्यानं माते तयार करून मास्तरांच्या हातात दिली. ते म्हणाले, "मिल्तोन, काल मी क्लबात सगळं सांगितलं."

"कळलं मला."

"तेव्हाच सांगायला हवं होतं."

"हो," मिल्तोन म्हणाला. "तेव्हा सांगायला हवं होतं."

मग मिल्तोनच पुढे म्हणाला, "इर्मा तुमच्याकडे येऊन गेली होती. तिला वाटायचं मला माहीत नाही. तिथून आली आणि दुसऱ्या दिवसापासून बारा वाजले की मशीन थांबवून रेडिओ लावायची. वर्षभर लावत होती. मी विचारलं तर म्हणायची, हवामान ऐकते." त्यानं चुलीतलं एक लाकूड आत सारलं. "मला लोक काय म्हणतात त्याचं काही नव्हतं, मास्तर. मला माहीत होतं मी कसा खेळलो. तिला ऐकायचं होतं. आता सांगून काय, ऐकणारीच नाही."

मास्तर रडायला लागले. पंचाहत्तरीचा माणूस, तोंड न झाकता रडत होता. मिल्तोननं त्यांची समजूत काढली नाही. हातातून माते काढून घेतली, नळी पुसली, पुन्हा पाणी ओतलं आणि त्यांच्याकडे दिली. "घ्या, गार होईल," एवढंच म्हणाला.

त्यानंतर मास्तर दर आठवड्याला त्याच्याकडे जायचे. मिल्तोननं कधी या म्हटलं नाही आणि कधी दारही लावलं नाही. दोघं नदीवर गळ टाकून बसायचे. मी कधीमधी जायचो. फुटबॉलचा विषय निघत नसे. पाणी चढलंय, पाणी उतरलंय, आज मासा खात नाही, असंच बोलणं. माफ केलं का, हे मी मिल्तोनला विचारलं नाही. मला वाटतं, त्याच्याकडे त्यासाठी शब्द नव्हता, आणि असता तरी तो इर्मावाचून देणं त्याला योग्य वाटलं नसतं.

चार वर्षांनी मास्तर गेले. शवपेटी उचलायला त्यांची पुतणी माणसं शोधत होती. मिल्तोन न बोलावता पुढे झाला आणि डाव्या बाजूची कडी धरली. कबरस्तानापर्यंतच्या चढावर त्यानं एकदाही हात बदलला नाही.

मिल्तोन अजून आहे. पंचाहत्तरीच्या जवळ आला. गुडघे दुखतात म्हणून नदीवर हळूहळू जातो आणि एकटाच बसतो. परवा मी त्याच्याजवळ जाऊन बसलो, तेव्हा त्यानं फक्त गळाची दोरी जरा बाजूला घेतली, मला पाय पसरता यावेत म्हणून.