तांदळात लिहिलेलं नाव

ऐंशीच्या दशकात नागपुरातल्या आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याच्या खोलीत चपला काढून जावं लागे. मी तिथला प्रोग्रामर, त्यामुळे डोक्यात हवा जायला वेळ लागला नाही.

शिक्षिका होण्याच्या ट्रेनिंगसाठी आलेले अर्ज आमची मशीन तपासायची. चुकीचा अर्ज परत पाठवताना सोबत काय जावं, हे मी ठरवायचं होतं. भरलेली सगळी माहिती छापून चुकीच्या रकान्यावर खूण करता आली असती. मी ठेवलं काय, तर एक कोरा अर्ज आणि ‘त्रुटी ३’ एवढीच चिठ्ठी. कागद वाचला, छपाई झटपट झाली, साहेब खूश. तीन म्हणजे काय, याचा तक्ता माझ्याच टेबलामागे भिंतीवर डकवलेला होता.

एक दिवस खाप्याला दिलेली माझी मावसबहीण अशा दोन चिठ्ठ्या घेऊन घरी आली. सासूनं नाखुशीनंच त्या एका वर्षापुरती अर्ज करायची परवानगी दिली होती, आणि अर्जाची मुदत तर संपलेली.

“दोन्ही खेपेले सारं बरोबर भरलं गा दादा. मंग काहून वापस केलं?”

काय भरलं होतंस, मी विचारलं. तिनं सांगितलं आणि घोळ माझ्या लक्षात आला. तिनं सासरचं नाव लिहिलं होतं, लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलेलं. मॅट्रिकच्या सर्टिफिकेटावर माहेरचं. नावं जुळत नाहीत, म्हणून तीन. कोरा अर्ज हाती आल्यावर बिचारीनं तेच नाव आणखी सुवाच्य अक्षरात लिहून पाठवलं होतं.

“माहाच अर्ज खूण करून वापस आला असता, त मले समजलं असतं. कोनं केलं हे असं?”

“खालचे बाबू लोक वं. त्यायले काय अक्कल!” मी म्हणालो.

जीभ जराही अडखळली नाही, याची आजही लाज वाटते.

“माहीच चूक,” ती म्हणाली. “तुले पयलेच इचाराले पायजे होतं.” चहा घेऊन ती खाप्याच्या गाडीला निघून गेली.

पुढच्या वर्षी मी प्रोग्राम बदलला. परत जाणाऱ्या प्रत्येक अर्जासोबत भरलेली माहिती जाऊ लागली, चुकीवर फुली मारून. आलेल्या अर्जांत मी तिला माहेरच्या नावानं शोधलं, मग सासरच्या. एकाही नावाचा अर्ज नव्हता.