बेवारशी पुलाचा चोर

जगातल्या प्रत्येक वस्तूला कुणीतरी मालक असतो आणि त्याला हुडकून काढणं हेच मनुष्यजन्माचं पहिलं कर्तव्य आहे, असं मनापासून मानणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे माझे चुलतसासरे. हुबळीच्या कोर्टात ते तीस वर्षं नाझर होते. बेलिफांना बरोबर घेऊन लोकांच्या घरी जायचं, जप्तीचा पंचनामा करायचा आणि कुठली वस्तू कुणाची हे कागदावर पक्कं करायचं, हे त्यांचं काम. पेन्शनीत निघाले तेव्हा कोर्टानं त्यांना हार घालून निरोप दिला, पण नाझरकी काही तिथं ठेवून घेतली नाही; ती ते घरी घेऊन आले. मी धारवाडची मुलगी, लग्न होऊन या घरात आले त्याला चार दिवसही झाले नव्हते. न्हाणीघराच्या कोनाड्यात विसरलेली माझी फणी दुसऱ्या दिवशी काकांच्या टेबलावर सापडली, तीही दोऱ्यानं बांधलेल्या चिठ्ठीसकट. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'फणी, लाकडी, दाते दोन कमी, मालक अज्ञात.' मी ती उचलायला गेले तर काकांनी शांतपणे विचारलं की ही तुमचीच, याला साक्षीदार कोण? शेवटी चार दिवसांच्या नवऱ्याला सगळ्या वडीलधाऱ्यांसमोर उभं राहून आपण बायकोची फणी ओळखतो असं सांगावं लागलं. बिचारे कानापर्यंत लाल झाले होते.

'इदु यार्दु?' म्हणजे 'हे कुणाचं?' हा त्यांचा दिवसातून पन्नास वेळा विचारायचा प्रश्न. तो ते कानडीतच विचारत. अर्ज कानडीत, राग मराठीत आणि देवाशी बोलणं संस्कृतात, अशी त्यांनी तिन्ही भाषांना कामं वाटून दिली होती. शेजारच्या झाडाचा आंबा आमच्या परसात पडला की तो खायचा नाही, परतही द्यायचा नाही, आधी पंचनामा करायचा. समोरचे कापडवाले शेट, ज्यांचे आजोबा मिरजेकडून गाठोडं पाठीवर घेऊन आले होते, ते कायमचे पंच. हातातली कात्री नि गिऱ्हाईक दोन्ही तशीच सोडून त्यांना यावं लागे. झाड शेजाऱ्याचं, फांदी आमच्या हद्दीत, वारा देवाचा, असा ऊहापोह होऊन निकाल लागेपर्यंत आंबा नासून गेलेला असे. काकूंची लोणच्याची बरणी मांजरानं फोडली तेव्हा तर 'मांजर कुणाचं' या मुद्द्यावर प्रकरण आठ दिवस चाललं. काकू म्हणाल्या, ते दूध तुमच्या ताटातलं पितं, तर तुमचंच. त्या दिवशी काका पहिल्यांदा खटला हरले आणि बरणी त्यांनी स्वतः बाजारातून आणली.

अशा माणसाच्या घरापासून शंभर पावलांवर एक बिनमालकाचा पूल निघावा, हा दैवाचा खेळच म्हणायचा. आमच्या गल्लीच्या टोकाला नाल्यावर जुना दगडी पूल होता. एका पावसाळ्यात त्याच्या मधल्या कमानीला तडा गेला. कुणीतरी दोन्ही तोंडांना आडवे बांबू बांधले, वर 'पूल बंद' अशी पाटी लावली, आणि पूल बंद झाला तो झालाच. पलीकडे विणकरांची वस्ती. शाळा, दवाखाना, बाजार सगळं अलीकडे. आता पलीकडच्या माणसाला यायचं तर रेल्वेच्या फाटकावरून दीड मैलाचा वळसा. बाप्ये माणसं तो घालीत. पण विणकरांच्या मुली रोज सकाळी पाट्या-दप्तरं सावरत आमच्या ओसरीवरून शाळेला जायच्या, त्या मात्र एकेक करून कमी झाल्या. काका ओसरीवर बसून त्यांची वाट पाहायचे. आधी वीसेक होत्या, मग सहा, मग दोघी बहिणी, आणि दिवाळीनंतर कुणीच नाही. ते त्या वेळेला चहा नको म्हणू लागले. मग एक दिवस मला बोलावून त्यांनी दौत पुढं सरकवली. घरात सगळ्यांत चांगलं कानडी अक्षर माझं होतं. म्हणाले, "सूनबाई, लिहा. मालक शोधायचाय."

तिथून दोन वर्षं मी अर्ज लिहीत होते. कचेऱ्यांची नावं मी सांगत नाही, कारण तिथल्या साहेबांची नातवंडं आज आमच्या ओळखीची आहेत. एक होती लाल कौलांची कचेरी. तिनं कळवलं की पुलावरचा रस्ता आमचा, पण खालच्या कमानी आमच्या नव्हेत. दुसरी पिंपळाखालची. तिचं म्हणणं, कमानीखालचं पाणी आमचं, त्यावर कुणी काय बांधलंय ते आम्हांला ठाऊक नाही. तिसरी मोठी कचेरी धारवाडला, जिच्या हाती सरकारचा पैसा. तिनं फार गोड उत्तर दिलं: दुरुस्तीला पैसा जरूर मिळेल, मात्र तो पुलाच्या मालकालाच देता येतो, तेव्हा आधी मालक घेऊन यावा. काका ही तिन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवून कौतुकानं बघत. म्हणत, वरचा रस्ता आहे, खालचं पाणी आहे, फक्त मधला पूल तेवढा नाही. स्वस्थ बसणं मात्र त्यांच्या रक्तात नव्हतं. धारवाडला निघाले असता रायापूरजवळ टांग्याचं चाक मोडलं, तर उरलेली वाट चालत गेले. तिथं कळलं की साहेब अळणावरला दौऱ्यावर आहेत. काका तसेच गाडीनं अळणावरला. साहेब बंगल्याच्या व्हरांड्यात दाढी करत होते. अर्ध्या गालावर साबण, अर्धा गाल साफ, अशा अवस्थेत त्यांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, "नम्दल्ल." आमचा नव्हे. काका घरी येऊन म्हणाले, सगळ्या जिल्ह्याला हा एकच शब्द पाठ आहे.

आणि मग त्यांनी ती चोरी केली. देवपूजा आटोपून कोर्टाचा काळा कोट चढवला, पागोटं बांधलं, एक हातगाडी भाड्यानं आणली, कापडवाल्या शेटना पंच म्हणून घेतलं आणि बरोबर अकरा वाजता, कचेऱ्या उघडायच्या वेळेला, बांबूखालून वाकून पुलावर गेले. कठड्याचा एक दगड खिळखिळा झाला होता, तो गाडीवाल्याच्या मदतीनं काढून गाडीवर ठेवला आणि भर रस्त्यानं घरी आणून ओसरीत पाटावर मांडला. गल्ली गोळा झाली. काकांनी मला बोलावलं नि कबुलीजबाब सांगू लागले. "मी अमुक, वय साठ, आज रोजी कोणाच्याही परवानगीवाचून..." इथपर्यंत मी लिहिलं. पुढचा शब्द 'चोरी' होता. माझा टाक थांबला. ज्या घरात कुणाचा पडका आंबासुद्धा खाल्ला नाही, त्या घरच्या मोठ्या माणसाच्या नावापुढं हा शब्द माझ्या अक्षरात उतरायचा, आणि शिक्षा झाली तर पुसताही यायचा नाही. मी म्हटलं, "काका, हे मला नाही लिहवत."

ते म्हणाले, "माझं अक्षर थरथरतंय हो आताशा. वाचणाऱ्याला वाटेल, भिऊन लिहिलंय." मग मी लिहिलं, चांगलं ठसठशीत लिहिलं.

चौकीवर फौजदारानं कागद वाचला, उठून खुर्ची दिली आणि हात जोडून म्हणाला, "रायर, मनिगे होग्री." रावसाहेब, घरी जा म्हणून त्यानं परोपरीनं विनवलं. चोरी झाली म्हणायची तर वस्तूचा धनी फिर्यादीला यायला हवा, आणि या दगडाचा धनी कोण? काका खूश होऊन म्हणाले, तेच तर मी दोन वर्षं विचारतोय, आता तुम्ही विचारा. फौजदार विचारीना, तेव्हा त्यांनीच तिन्ही कचेऱ्यांना नोटिसा दिल्या. दगड माझ्या ओसरीवर आहे. पंधरा दिवसांत मालकानं ओळख पटवून न्यावा. कुणी न आल्यास हा दगड बेवारशी समजून मी त्याची भावंडंही एकेक करून आणीन आणि परसात न्हाणीघर बांधीन. सोळाव्या दिवशी दुसरा दगड आला. सतराव्या दिवशी पलीकडचे दोन विणकर येऊन विचारून गेले, रायर, तुमचं न्हाणीघर झाल्यावर उरलेले आम्ही नेले तर चालतील का? ही बातमी मात्र लाल कौलांना झोंबली. पूल कुणाचा नाही म्हणावं तर गाव त्याची न्हाणीघरं बांधतंय, आणि उद्या वरून कुणी विचारलं की आख्खा पूल गेला कुठं, तर सांगायचं काय? आठवड्याच्या आत त्यांचा माणूस शिक्क्यासह फिर्याद घेऊन चौकीवर हजर झाला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की आमच्या मालकीच्या पुलाचे दोन दगड या इसमानं चोरले. काकांनी त्या फिर्यादीची नक्कल मागून घेतली आणि देव्हाऱ्यात ठेवून वर फूल वाहिलं.

घरात मात्र चूल धड पेटेना. काकूंनी दोन दिवस डोळ्याला पदर लावला, तिसऱ्या दिवशी डोळे पुसून म्हणाल्या, "तीस वर्षं लोकांची भांडीकुंडी उचलून आणली तेव्हा सरकारनं पगार दिला. आता दोन दगड आणले तर म्हणे चोर." पण भीती सगळ्यांनाच होती. ज्या कोर्टाच्या आवारात चपराशी त्यांना बघून विडी विझवायचे, तिथंच आता ते आरोपी म्हणून उभे राहणार होते. गुन्हा नाकबूल करा, शेट साक्ष देतील, सुटून याल, असं यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, पुष्कळ सांगून पाहिलं. काका म्हणाले, मी सुटलो तर दगड पुन्हा बिनमालकाचा होईल.

मी काही कोर्टात गेले नाही. हे गेले होते, त्यांनी सांगितलेलं सांगते. मॅजिस्ट्रेट परगावचे, तरुण होते. त्यांनी विचारलं, तुमच्यासारख्या माणसानं हे का केलं? काका पिंजऱ्यात सरळ उभे राहून म्हणाले, "साहेब, मालक सापडेना, म्हणून चोर उभा करावा लागला. चोर आल्याशिवाय मालक जागा होत नाही, हे मी नोकरीत पाहिलेलं आहे." मॅजिस्ट्रेटांनी मान खाली घालून बराच वेळ कागद चाळले. मग निकाल दिला: दगड मालकाला, म्हणजे लाल कौलांच्या कचेरीला, परत द्यावेत, आणि आरोपीनं कोर्ट उठेपर्यंत कैदेत बसावं. पिंजऱ्यात बाकडं होतं, पण काका उभेच राहिले. दुपारनंतर पलीकडच्या दिवाणी बाजूचे बेलिफ, काकांच्याच हाताखाली शिकलेले, एकेक करून आत आले आणि भिंतीशी उभे राहिले. पाच वाजता कोर्ट उठलं तेव्हा सगळे त्यांच्याबरोबरच बाहेर पडले.

निकालाची नक्कल धारवाडला गेली, मालक कागदोपत्री सापडला, सरकारी पैसा सुटला, आणि पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आधी पूल खुला झाला. त्यावर लाल कौलांच्या साहेबांच्या नावाची संगमरवरी पाटीही लागली. काकांचं नाव कुठंच नव्हतं आणि त्यांना त्याचं काही वाटलं नाही. एक गोष्ट मात्र त्यांना लागली होती, ती मला ठाऊक आहे. दसऱ्याला आमच्याकडं आपट्याऐवजी बन्नीची, म्हणजे शमीची, पानं सोनं म्हणून वाटतात. दर वर्षी ते कोर्टाच्या मंडळींना सोनं द्यायला जात. शिक्षा झाल्यापासून त्यांनी तो रिवाज आपण होऊन बंद केला. सजा भोगलेल्या माणसानं कोर्टाच्या उंबऱ्यात सोनं घेऊन जाऊ नये, असं ते म्हणाले. त्या दसऱ्याला नवं उपरणं घेऊन ते ओसरीवर नुसतेच बसून राहिले. त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

दिवस कलता कलता पुलावरून माणसं येताना दिसली. विणकर होते, त्यांच्या बायका होत्या, आणि पुढं त्यांच्या मुली, ज्या शाळेला पुन्हा जायला लागल्या होत्या. सगळ्यांच्या हातांत बन्नी. काका गडबडून उठले आणि म्हणाले, मी शिक्षा झालेला माणूस, माझ्या पाया पडू नका. त्यांच्यातला एक म्हातारा विणकर पुढं झाला. कानडीत म्हणाला, "रायर, चोराच्या घरी सोनं घेऊन आपल्या पायानं आलोय. घ्या." काकांनी ओंजळ पुढं केली. पानं मावेनात, खाली सांडू लागली, तरी त्यांनी हात मागं घेतला नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी मी त्या दिवशी पाहिलं, आधी कधी नाही, नंतरही नाही.

त्यानंतर ते चार वर्षं होते. ते गेले, मग काकूही गेल्या, त्या मुलींच्या मुली आता शाळेला जातात. दसऱ्याला अजून पलीकडून कुणी ना कुणी येतं. परवा एक नवी सून आली होती, तिला हे घर कुणाचं ते माहीत नव्हतं, तिनं मला विचारलं. मी तिच्या हातातली बन्नी घेतली आणि सांगितलं, चोराचं.