डावा खांदा, उजवा खांदा

माझ्या नवऱ्याने काढलेल्या एकाही फोटोत मी पूर्ण नाही. लोनाडच्या लेण्यासमोर माझा अर्धा चेहरा आहे. वसईच्या किल्ल्यात एक हात आणि पर्स. वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडापाशी नुसता पदर. मागचा दरवाजा, लेणं, बुरूज मात्र बरोबर मधोमध. मुलगी फोटो बघून हसायची. "पप्पा, आईचा काढलात की भिंतीचा?" मी चिडायचे. ह्या माणसाला फोटो काढता येत नाही, एवढंच आम्हाला वाटायचं.

शेजारच्या बायका म्हणायच्या, ह्या वयात जोडीने फिरता, नशीब लागतं. नशीब होतंच. दीड वर्ष आम्ही गाडी घेऊन कोणाच्या अंगावर गेलो नाही, हे नशीबच.

आम्ही दिव्याला राहतो. नवरा डोंबिवलीच्या एमआयडीसीत वेल्डर होता. मी चौथी शिकले आणि वीस वर्षं उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात शिलाईचे सुटलेले धागे कापले. त्या वीस वर्षांत मी बघितलं काय, तर कारखाना, घर आणि पाण्याची लाईन. नवरा रिटायर झाल्यावर त्याने स्कूटर घेतली आणि म्हणाला, "चल, आता बघू काय काय आहे ते." मी एका पायावर तयार होते. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी निघायचो. सकाळी पाणी यायचं, ते भरून झालं की डब्यात चपात्या, बटाट्याची भाजी आणि स्कूटरवर. तिथे पोचल्यावर तो पाटी मोठ्याने वाचून दाखवायचा. मला वाचता येतं, पण सावकाश. माझी दुसरी ओळ व्हायच्या आत त्याची पाटी संपलेली असायची. मग मी त्याच्यावर ओरडायचे, तो हसायचा. बरे दिवस होते.

मग तो आपटायला लागला. वसईला एका बाईच्या अंगावर गेला, ती त्याच्या बाजूलाच उभी होती. कुंडापाशी दगडाला नडगी फोडून घेतली. घरात दाराच्या कडेला खांदा लागायचा. मी म्हणायचे, "लक्ष कुठे असतं तुमचं?" पण धागे कापणाऱ्या बाईची नजर असते. हजार टाक्यांत एक धागा सुटलेला असला तरी तो दिसतो. मला काहीतरी दिसायला लागलं होतं.

मी त्याची परीक्षा घेतली. तो टीव्ही बघत होता. मी त्याच्या डाव्या बाजूला हातभर अंतरावर उभी राहिले आणि हात हलवला. हलवतच राहिले. त्याची मान वळली नाही. उजवीकडे गेले, तिथेही तेच. हात हळूहळू पुढे आणला. नाकासमोर जवळजवळ आला तेव्हा तो दचकला. "काय गं, माश्या हाकलतेस काय?"

मी विषय काढला. तो अंगावर आला.

"लायसनच्या वेळी डोळे तपासले ना? सगळ्यात खालची ओळ वाचलेय मी. तू वाचून दाखव."

"समोरचं दिसतं तुम्हाला. बाजूचं दिसत नाही."

"गाडी समोरच जाते ना? की तुझ्या माहेरी आडवी जाते?"

"अहो, थट्टा नको. डॉक्टरकडे चला."

"तीस वर्षं आगीसमोर बसलो, डोळ्याला कधी काही झालं नाही. आता आराम करतोय तर म्हणे डोळे गेले. डॉक्टर काय सांगणार माहितेय? गाडी बंद. मग बस घरात, माझी नि तुझी तोंडं बघत."

शेवटचं वाक्य मला लागलं. डॉक्टरकडे गेलो तर गाडी बंद होणार, हे त्याला कळत होतं आणि मलाही. मी गप्प बसले. घाबरून नाही. मला फिरायचं होतं म्हणून.

पुढच्या रविवारी घरी बसायला हवं होतं. आम्ही बारवी धरणावर निघालो. बदलापूरच्या अलीकडे डाव्या गल्लीतून एक टेम्पो बाहेर पडत होता. नवऱ्याच्या पाठीवरून कळत होतं, त्याला तो दिसलेला नाही. मी त्याच्या डाव्या खांद्यावर बोट टेकवलं. त्याने वेग कमी केला. टेम्पो पुढून गेला. येताना उजव्या बाजूने रिक्षा घुसली, मी उजव्या खांद्यावर बोट ठेवलं. त्याने गाडी डावीकडे घेतली. असं ते सुरू झालं. न ठरवता ठरलं. डावा खांदा म्हणजे डावीकडे कोणीतरी आहे. उजवा म्हणजे उजवीकडे. दोन्ही खांदे दाबले की थांब.

साडीत एका अंगावर बसल्याने मला एकच बाजू दिसायची. म्हणून मी पंजाबी ड्रेस शिवून घेतले आणि पुरुषासारखी दोन्हीकडे पाय टाकून बसायला लागले. सगळा जन्म साडीत गेलेली बाई मी. शेजारीण म्हणाली, "काय मावशी, म्हातारपणी कॉलेजला नाव घातलं काय?" मी म्हटलं, "हो, तू पण ये." मुलीला कौतुक वाटलं. ठाण्याहून येताना तिने मला दोन ओढण्या आणल्या. मी घेतल्या. ड्रेस कशासाठी ते सांगितलं नाही.

त्या दीड वर्षात मी जे बघितलं ते खरं तर रस्ताच. लोक विचारायचे, टिटवाळ्याच्या पुढे नदी किती छान आहे ना? मला नदी आठवत नाही. नदीच्या पुलावर उजवीकडून आलेला ट्रक आठवतो. ठाण्याला येऊरच्या चढावर झाडं आहेत म्हणतात. मला तिथले आडवे येणारे कुत्रे आठवतात. घरी आलं की माझे खांदे दुखायचे, बोटं ताठ झालेली असायची. तरी पुढच्या रविवारी मीच चपात्या लाटायला घ्यायचे. आणि खरं सांगते, मला थोडा गर्वही झाला होता. वाटायचं, मी आहे ना मागे.

मग लेण्याद्रीचा बेत झाला. आमच्या विहारातली माणसं बस करून गेली होती, आम्ही तेव्हा नव्हतो गेलो. नवरा म्हणाला, "आपण आपल्या गाडीवर जाऊ." कल्याण, मुरबाड, मग माळशेज घाट चढून पलीकडे. मी नको म्हणायला हवं होतं. मी विचारलं, "किती वाजता निघायचं?"

थंडीचे दिवस होते. घाटात एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाली काही नाही. वळणावर एस.टी. आली की मी दोन्ही खांदे दाबायचे, तो थांबायचा, मागची गाडी हॉर्न मारून शिव्या देत पुढे जायची. बोगद्यात शिरलो आणि त्याची पाठ कडक झाली. गाडी सरळ जायची सोडून भिंतीकडे जायला लागली. मी ओरडले, "उजवीकडे घ्या, उजवीकडे!" बाहेर उजेडात आल्यावर त्याने गाडी बाजूला घेतली. हेल्मेट काढलं. कपाळावर घाम होता, एवढ्या थंडीत.

"दिवे लावायला पाहिजेत आत," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं.

लेण्याद्रीच्या पायऱ्या चढताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मागून येणाऱ्या एका माणसाला आपणहून म्हणाला, "हिचे गुडघे दुखतात." माझे गुडघे चांगले होते. वर चैत्यात गेलो. आत स्तूप आहे, दोन्ही बाजूंना खांबांची रांग. लहान लहान पोरं पळत खांबांच्या मागे जात होती. नवरा दारात उभा राहिला आणि म्हणाला, "किती अंधार आहे." अंधार नव्हता. मी त्याला हाताला धरून स्तूपापर्यंत नेलं. त्याने दोन्ही हात दगडावर टेकवले आणि बराच वेळ तसाच राहिला. मी हात जोडले, पण मनात वंदना नव्हती. परत तो घाट उतरायचा आहे, एवढंच होतं.

घाट उतरलो. मुरबाड गेलं, कल्याण गेलं. कल्याण-शीळ रस्त्याला लागल्यावर मला हायसं वाटलं. घरचा रस्ता. शीळफाट्याला वळलं की दिवा किती लांब? दुपार कलली होती. फाट्याजवळ कंटेनर, डंपर, रिक्षा सगळं एकमेकांत अडकून इंच इंच पुढे सरकत होतं. उजवीकडून एक कंटेनर आमच्या अंगावर यायला लागला. त्याचं चाक माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर होतं. मी उजव्या खांद्यावर बोट नाही, मूठ मारली. त्याने झटकन गाडी डावीकडे घेतली.

डावीकडे मी बघितलं नव्हतं. डावीकडे एक बाई होती, दोन हातांत पाण्याचे दोन कॅन घेऊन गाड्यांमधून रस्ता ओलांडत होती.

एक कॅन फुटला. बाई गुडघ्यावर पडली. गाडीला वेग नव्हता म्हणून निभावलं. मी उतरले. ती कोपर धरून उठली. आधी कोपर बघितलं नाही, कॅन बघितला. पाणी धुळीत चाललं होतं.

"आंधळा हायेस काय रे?" ती नवऱ्याला म्हणाली. "दोन तास लाईनीत उभी होते मी!"

तो तिच्याकडे बघत होता, पण ती जिथे उभी होती तिथे नाही, थोडा बाजूला. मला ते सहन झालं नाही.

"हो," मी म्हटलं. "त्यांना बाजूचं दिसत नाही. मला माहीत आहे. दीड वर्ष माहीत आहे."

तिने माझ्याकडे बघितलं. माझ्या वयाकडे, ड्रेसकडे, हेल्मेटकडे.

"मग मागे बसून तू काय करत होतीस?"

मागून हॉर्न वाजत होते. मी गाडीची किल्ली काढली आणि ड्रेसमध्ये ब्लाऊजसारखी खोचता येईना म्हणून ओढणीच्या टोकाला बांधली. तिचा उरलेला कॅन मी उचलला, ती लंगडत पुढे आणि आम्ही मागे, फाट्याच्या अलीकडे तिच्या चाळीपर्यंत गेलो. नवरा स्कूटर ढकलत होता. वाटेत त्याला दोनदा धक्का लागला. मी खांद्याला हात लावला नाही. तिथून दिव्यापर्यंत चालत आलो. वाटेत तो एकदाच बोलला.

"तिचं डोकं आपटलं असतं तर?"

"तर मी मारलं असतं," मी म्हटलं. "हात माझा होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आल्याबरोबर आधी दोन कॅन भरले. तिच्या चाळीत जाऊन दिले, रिक्षाने. कोपराला पट्टी होती. तिने कॅन घेतले, बसा म्हणाली नाही. बरोबर होतं तिचं.

मग मुलीला फोन करून सगळं सांगितलं, पंजाबी ड्रेससकट. ती म्हणाली, "आई, तू पण?" दोन दिवसांत तिने आम्हाला ठाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. नवऱ्याला एका मशीनमध्ये डोकं घालायला लावलं. दिवा दिसला की बटण दाबायचं. मी बाजूला बसून ऐकत होते. बटणाचा आवाज फार कमी वेळा आला.

काचबिंदू. डॉक्टरीणबाई तरुण होती. तिने कागदाची नळी करून मला त्यातून बघायला दिलं. "आजोबांना एवढंच दिसतं. समोरचं स्वच्छ, म्हणून ते तक्ता वाचू शकतात. जे गेलं ते परत येणार नाही. ड्रॉप्सने राहिलेलं टिकवायचं. तुम्हाला कधी लक्षात आलं?"

"दीड वर्ष झालं."

तिचं पेन थांबलं. "तेव्हा आला असतात तर बरंच वाचलं असतं, आजी."

नवऱ्याने ते ऐकलं. ठाण्याहून बसने परत येताना मी वाट बघत होते, तो आता काहीतरी बोलेल. घरी आल्यावर, चपला काढताना म्हणाला, "तू का नाही सांगितलंस पोरीला?"

"मला फिरायचं होतं."

"मलाही," तो म्हणाला.

आता आम्ही महिन्यातून एकदा बसने ठाण्याला डॉक्टरकडे जातो. येताना कधी मासुंदा तलावावर बसतो. बसमध्ये मी खिडकीशी बसते आणि खरंच बाहेर बघते. फोटो मी काढते. माझ्या फोटोंत तो पूर्ण असतो, बोट मधे आलं नाही तर.

स्कूटर विकलेली नाही. मुलगी रोज विचारते, त्याला विकायची नाही आणि मी जोर केलेला नाही. रविवारी सकाळी पाणी भरून झालं की तो हात पुढे करतो. "किल्ली दे. चालू करून ठेवतो जरा, नाहीतर बॅटरी उतरेल." मी किल्ली देते. दोघं खाली जातो. तो सीटवर बसतो, बटण दाबतो, इंजिन चालू होतं. मी बाजूला उभी राहत नाही. पुढच्या चाकाच्या समोर उभी राहते, मडगार्डला गुडघे टेकतील एवढी जवळ, जिथे मी त्याला नक्की दिसते.

पहिल्या रविवारी त्याने दोन वेळा रेस वाढवली. गाडी स्टँडवर होती. तो माझ्याकडे बघत होता.

"सरक," तो म्हणाला.

"नाही."

पाच मिनिटांनी त्याने इंजिन बंद केलं. मी हात पुढे केला. किल्ली हातात पडेपर्यंत जागची हलले नाही. दर रविवारी असंच करते.