उभी रेघ
विड्याच्या ओल्या पानांचा वास आला की मला कुंभकोणमचा तो भजनमठ आठवतो. आमचं घर तिथलंच जुनं मराठी, पण मी नुकतीच तमिळ शाळेतून मॅट्रिक झाले होते. मठाच्या कारभाऱ्यांनी उत्सवाच्या वर्गणीची जुन्या वळणाची मराठी यादी माझ्याकडे दिली. म्हणाले, "बेरजेला घ्यायची आहे, खुणा काढून नुसते आकडे उतरून दे." मी रुपयाची खूण प्रत्येक ओळीतून काढली. आकड्यांपुढच्या उभ्या रेघाही गाळल्या. पोथीत ओळ संपली की दंड असतो, तसलेच ते वाटले. एका नावापुढे आकडा नव्हताच, नुसती एक रेघ होती. संध्याकाळी मठात माझी यादी वाचताना कारभारी पानं विकणाऱ्या अक्काच्या नावाशी थांबले. "पुढं कोरं आहे," म्हणाले. समईजवळ बसलेली अक्का माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "दिले होते की गे मी." मला काही उमजेना. मी तर फक्त खुणा काढल्या होत्या. उभी रेघ म्हणजे चार आणे, हे घरी वडिलांनी सांगितलं. अजूनही फॉर्मवर 'फक्त अंक लिहा' वाचलं की हात थबकतो. यातली खूण कुठली आणि अक्काचे चार आणे कुठले, ते ठरत नाही.