अर्धे पाणी ठेवून गेलेला चोर

खाचराच्या बांधात बसवलेला तो चपटा दगड इतक्या वर्षांनीही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

महायुद्धाचे दिवस होते. मी शहापूर ठाण्यात नवा फौजदार. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कायदा पाठ होता, पण जबानी घेताना आवाज कापे. त्या वर्षी पाऊस लवकर गेला आणि भात पोटरीत, लोंब्या बाहेर पडायच्या आधीच, तहानले. अशात किन्हवलीकडच्या एका गावचा पोलीस पाटील खबर घेऊन आला : धाकट्या भावाने रात्री थोरल्याचा बांध फोडून पाणी आपल्या खालच्या खाचरात घेतले. वाटणीपासून दोघांत बोलणे नव्हते.

धाकट्याला ठाण्यात आणले. मी विचारण्याआधीच तो म्हणाला, "मीच फोडला, सायब. लिवून घ्या."

"कशाने?"

"कुदळीनं."

थोरला दारातून ओरडला, "पी आता कोठडीतलं पाणी!"

जबानीवर अंगठा घ्यायचा तेवढा राहिला होता. तरी आधी पंचनामा करावा म्हणून सगळ्यांना घेऊन जागेवर गेलो. बांधाला कुदळीचा घाव कुठेच नव्हता. हाताने चिखल काढून वीतभर वाट केली होती आणि तिच्या तळाशी उंबऱ्यासारखा चपटा दगड बसवला होता, वरच्या खाचरात अर्धे पाणी राहावे म्हणून.

हवालदार हसला. "साहेब, चोर भला दिसतो. मालकाचा वाटा ठेवून गेला!"

"कोणाला वाचवतोस?" मी धाकट्याला विचारले. त्याची नजर बांधावर उभ्या असलेल्या वहिनीकडे, थोरल्याच्या बायकोकडे गेली.

तीच पुढे झाली. "त्याला सोडा, सायब. मी केलं. पोर व्हता तवापासून मी वाढवलाय त्याला. येक खाचर भरलेलं नि येक सुकलेलं, मला बघवत नाय." मग नवऱ्याकडे वळली, "अवो, दगड ठेवला व्हता ना मी? तुमचं काय सांडलं?"

धाकटा पुटपुटला, "दगड बघूनच वळखलं मी. असा दगड वहिनीच लावते."

थोरला फोडलेल्या वाटेपाशी आला. मग पाण्याने किंचित सरकलेला तो दगड त्याने टाचेने दाबून घट्ट बसवला. "माजी तक्रार नाय," एवढेच म्हणाला.

त्या सुगीला दोन्ही खाचरांत दाणा थोडा पोचट निघाला, पण निघाला.

पुढे नोकरीभर, कबुली फार लवकर मिळाली की मी आधी जागा पाहून येत असे. माणूस खोटे बोलतो ते दर वेळी स्वतःला वाचवायला नसते, हे मला त्या बांधावर कळले.