आखूड बांधलेली होडी

'मंगळवार, ११ मार्च. हवा कोरडी. दूध उशिरा आलं. दुपारी मोठं जहाज बंदरात गेलं. भाऊजींची होडी बुडाली.'

एवढं लिहून वहिनींनी पेन बाजूला ठेवलं.

भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. बंदरात आलेल्या जहाजांचे दोर होडीतून धक्क्यावर नेऊन बांधायचे, यात त्यांचा जन्म गेला. पुढे जहाजं वाढली, दोर माणसाच्या हाताला पेलेनात. ते काम यंत्राच्या बोटींकडे गेलं आणि भाऊजी लोकांना पलीकडच्या काठावर सोडू लागले. त्यांची लेक आपल्याकडे राहायला बोलवायची. "होडी आहे तोवर मी इथंच," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

यंदा मोठ्या जहाजांसाठी नदी खोल खणली. बंदराच्या ऑफिसातला माणूस सकाळीच सांगून गेला, "काका, होडी वर ओढून ठेवा. आज येतंय तसलं धूड इथं अजून आलेलं नाही."

"जहाज नवं, पाणी तर तेच ना?" भाऊजी हसले. "वहिनी, मी मारलेली गाठ कुणी सोडून दाखवावी!"

"हो तर! परवा पिठाच्या पिशवीला मारलीत. शेवटी पिशवीच फाडली मी."

लाटेनं होडी दगडावर आपटू नये म्हणून त्यांनी ती नेहमीसारखी घाटाच्या कडीला अगदी आखूड बांधली.

जहाज वळणावर आलं, पण लाट आलीच नाही. उलट त्या धुडानं काठचं पाणी भराभर आपल्याकडे ओढून घेतलं, पायऱ्यांखालचा चिखल उघडा पडला आणि होडी दोराला लोंबकळली. भाऊजी धावले. गाठीवर सगळा भार आलेला. नखं तुटली, गाठ हलेना.

"वहिनी, सुरी आणा!"

घर घाटालाच लागून. वहिनी स्वयंपाकघरातली सुरी घेऊन धावतच उतरल्या. भाऊजींनी पातं दोरावर टेकवलं आणि थबकले. त्यांनी आजवर कधी दोर कापला नव्हता. तेवढ्यात गेलेलं पाणी उसळून परत आलं. वहिनींनी सदरा धरून त्यांना मागे खेचलं. होडी भरली, कलंडली, खाली गेली. गाठ तशीच होती.

दोघंही चिंब होऊन पायरीवर बसली.

"सुटली असती तर वाचली असती," भाऊजी म्हणाले. मग सदरा पिळत, "लेकीला फोन लावता का?"

वहिनींनी लावला.

आता त्यांनी पुन्हा पेन उचललं आणि खाली एक ओळ लिहिली : 'भाजीची सुरी नदीत गेली. उद्या नवी आणायची.'